तीन इंचांचं भोक

आमच्या घराचं हवामान बाबांच्या खुर्चीपाशी ठरायचं. सेंट्रल एसीचा, तापमान ठरवणारा एकुलता एक थर्मोस्टॅट तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये, त्याच्यासमोर बाबांची वाचायची खुर्ची आणि खुर्चीच्या बरोबर वर हवेची जाळी. दुपारी बाबा शाल पांघरून बसायचे आणि थोड्या वेळाने उठून थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर सरकवायचे. त्याच वेळी वरच्या मजल्यावर आई घामाने निथळत असायची. ती जिन्यातून हाक मारायची, "अहो, बंद केलात की काय तो एसी?" मग मी जाऊन आकडा परत खाली आणायचे. बाबा पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, "मग आणखी एक शाल आण." हा खेळ किती उन्हाळे चालला ते मोजलं नाही.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. बाबांच्या डोक्यावर खरोखरच गार हवा कोसळत होती आणि आईच्या खोलीतल्या जाळीखाली हात धरला तर हवा येतेय की नाही हेच कळत नव्हतं. आमचा समज असा की यंत्र म्हातारं झालंय, आता मोठ्या ताकदीचं आणलं की झालं. नशीब, की ते आणण्याआधी आम्ही एका जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. शिडी मागितली, टॉर्च घेतला आणि ते पोटमाळ्यावर चढले. पाच मिनिटांनी वरून आवाज आला, "ताई, जरा वर या."

भर दुपारी आमच्या पोटमाळ्यावर श्वास घेणं म्हणजे शिक्षा. त्या भट्टीत डक्टची, म्हणजे खोल्यांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांची, वेटोळी पसरलेली होती. काकांनी खिशातून कागदाची एक पातळ पट्टी काढून एका सांध्यापाशी धरली. ती फडफडायला लागली. दुसऱ्या सांध्यापाशीही तेच. आईच्या खोलीकडे जाणारी नळी तर तोंडापासून जवळजवळ सुटलीच होती. मी तिथे हात धरला आणि इतक्या वर्षांत आईच्या वाट्याला कधी न आलेला गारवा माझ्या तळहाताला लागला. भोवतीचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, फाटून ओलं झालेलं. आम्ही वर्षानुवर्षं पोटमाळा गार करत होतो.

उलटंही होत होतं. खोल्यांमधली हवा यंत्राकडे परत नेणारा जो डक्ट असतो, त्याला भेग पडली की तो पोटमाळ्यावरची तापलेली, धुळकट हवा ओढून घेतो. घरात दर दोन दिवसांनी साचणाऱ्या धुळीचा दोष आम्ही उगाचच खिडक्यांना देत आलो होतो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्याप्रमाणे डक्टमधली गळती आणि नासाडी हवा गार किंवा गरम करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या ३० टक्क्यांहूनही जास्त असू शकते, विशेषतः डक्ट पोटमाळ्यासारख्या गार न केलेल्या जागेतून जात असतील तर. आमच्याकडे किती टक्के जात होते कोण जाणे. त्या सुटलेल्या नळीकडे पाहिल्यावर मला टक्क्यांची गरज उरली नाही.

काका मात्र डक्टच्या विरोधात नव्हते. सांधे नीट बुजवले, इन्सुलेशन नवं चढवलं, तर डक्टचं काम उत्तम चालतं, आणि डक्ट घराच्या गार भागातूनच फिरवले असतील तर गळलेली हवाही घरातच राहते, हे त्यांनीच सांगितलं. आमची अडचण निराळी होती. पोटमाळा इतका बुटका, की अर्ध्या भागात माणूस सरपटतसुद्धा जाऊ शकत नव्हता. दुरुस्तीसाठी तीन खोल्यांचं फॉल्स सीलिंग फोडावं लागलं असतं. आणि एवढं करूनही थर्मोस्टॅट एकच. प्रत्येक खोलीच्या डक्टमध्ये मोटरवर उघडझाप करणारी झडप बसवता येते, पण ती बसवायची कुठे, तर पुन्हा त्याच पोटमाळ्यावर.

"मग डक्टच नको, खोलीखोलीत भिंतीवरचा वेगळा एसी लावू," असं मी म्हटलं तेव्हा बाबांना ते पटलं नाही. हवेला एवढा मोठा पत्र्याचा मार्ग लागतो, त्याच्याऐवजी भिंतीत तीन इंचांचं एक भोक कसं पुरेल, हा त्यांचा प्रश्न. मला तो रास्त वाटला, म्हणून बसून हिशेब केला.

एसीचा 'टन' हा वजनाचा नाही, बर्फाच्या काळातला आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एक एकक) किंवा साधारण ३.५ किलोवॉट. एवढं काम १०-१२ अंशांनी गार केलेल्या हवेकडून करून घ्यायचं, तर सेकंदाला अडीचशे लिटरच्या वर हवा ढकलावी लागते. म्हणून डक्ट एवढा रुंद. डक्टविना एसीमध्ये हवा खोलीतल्या खोलीतच फिरते. भिंतीपलीकडे जातो तो फक्त गॅस. तो आतल्या कॉइलमध्ये (नळ्यांच्या वेटोळ्यात) द्रवाचा वायू होताना उष्णता पितो आणि बाहेरच्या युनिटमध्ये पुन्हा द्रव होताना ती ओकून टाकतो. वायू होताना तो इतकी उष्णता सामावून घेतो, की टनभर कामाला सेकंदाला जेमतेम पंधरा ग्रॅम गॅस पुरतो. त्याला बोटाएवढ्या जाडीच्या तांब्याच्या दोन नळ्या बास. सोबत एक वायर आणि पाणी जायला एक ड्रेन पाइप. हे चौघं तीन इंचांच्या भोकातून आरामात जातात.

बाबांनी हिशेब दोनदा वाचला आणि "बरं" म्हणाले. बाबांचं "बरं" म्हणजे पुष्कळ झालं.

त्यानंतर मोजमाप. पहिला माणूस आला, त्याने आईच्या खोलीच्या दारातूनच आत नजर टाकली आणि निकाल दिला, "दोन टन टाका, बिनधास्त." दुसरा आला तो टेप घेऊन. त्याने भिंती मोजल्या, पश्चिमेची खिडकी मोजली, डोक्यावर छत आहे की खोली ते विचारलं, खोलीत किती माणसं असतात तेही विचारलं. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतो. मग म्हणाला, "या खिडकीला बाहेरून सावली करा आणि छताखाली इन्सुलेशन घाला. एक टन पुरेल." एसी विकायला आलेला माणूस लहान एसी घ्या म्हणतोय, हे पाहून आई त्याच्याकडे संशयाने बघायला लागली.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि थांबतो. हवेतला दमटपणा काढायला कॉइल सलग बराच वेळ गार राहावी लागते. तेवढा वेळच मिळत नाही. मग खोली गार पण चिकट, गुहेत बसल्यासारखी. हल्लीचे इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) वेग कमी-जास्त करतात, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरी त्यांनाही एक तळ असतो. त्याखाली गरज गेली की तेही चालू-बंदच करत बसतात. "मोठा घेऊन ठेवू, हळू चालवू" हे आमच्या दादाचं तत्त्वज्ञान इथेच बारगळलं.

अजून एक वाद उरला होता. तीन खोल्यांना तीन स्वतंत्र एसी, की बाहेर एकच मोठं युनिट आणि त्याला जोडलेली आत तीन? दुसऱ्या प्रकारात बाहेरची जागा वाचते, भिंत कमी भरते. पण बाहेरचं एक बिघडलं की तिन्ही खोल्या एकदम उकडणार, आणि रात्री एकाच खोलीत एसी हवा असला तरी मोठा कॉम्प्रेसर त्या एकट्या खोलीसाठी चालणार. आम्हाला बाहेर जागा होती, म्हणून स्वतंत्र घेतले. जागा नसती तर बहुधा उलट ठरलं असतं.

बसवायच्या दिवशी मी रजा घेतली. आयुष्यात घेतलेल्या रजांपैकी ही सर्वांत उपयोगी ठरली, कारण एसी कारखान्यात अर्धाच तयार होतो. उरलेला अर्धा आपल्या भिंतीवर होतो.

पहिली अडचण जागेची. आतलं युनिट पलंगाच्या समोरच्या भिंतीवर लावणं दिसायला छान, पण मग हवा रात्रभर तोंडावर. शेवटी ते बाजूच्या भिंतीवर, खोलीच्या लांबीकडे तोंड करून गेलं. छत आणि युनिटमध्ये हवा आत घ्यायला आणि झाकण उघडायला फट सोडावी लागते. किती, ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. बाहेरचं युनिट त्यांनी आधी आईच्याच खिडकीखाली ठेवायला काढलं होतं, कारण तिथे नळ्या सगळ्यांत कमी लागत होत्या. त्याचा आवाज आणि गरम हवा तिच्या खिडकीतून आत आली असती, म्हणून मी ते पलीकडच्या भिंतीवर न्यायला लावलं. शिवाय ते कोपऱ्यात कोंडलेलंही चालत नाही. स्वतःच फेकलेली गरम हवा परत ओढायला लागलं, की तेवढ्याच गारव्याला जास्त वीज खातं.

मग भोक पाडलं. पाण्यावर चालणाऱ्या गोल ड्रिलने भिंतीतून लाकडी ओंडक्यासारखा दंडगोल अख्खा बाहेर आला. बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. भोक आतून बाहेर किंचित उतरतं असावं लागतं, नाहीतर पाणी घरात येतं. हे त्यांनी केलं, पाणसळ लावून केलं, मी बघितलं. याचा उल्लेख पुढे येणार आहे.

नळ्या जोडून झाल्या. आता मी ज्याची वाट बघत होते ती वेळ आली. मुख्य कारागीर म्हणाला, "थोडा गॅस सोडून आतली हवा काढून टाकतो, की झालं."

"व्हॅक्यूम पंप नाही आणला?"

"आहे गाडीत. पण त्याला वेळ लागतो, ताई."

"लागू दे की. मी दिवसभर घरीच आहे."

त्याच्या तोंडावर आठी उमटली, तरी तो गेला आणि पंप घेऊन आला. यात हट्टीपणा नव्हता. नळीत हवा राहिली तर ती गॅससारखी द्रव होत नाही, नुसताच दाब वाढवते. ओल राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून त्याचं आम्ल होतं, आणि ते आतून कॉम्प्रेसर खात बसतं. एसी तीन-चार वर्षं नीट चालतो आणि मग कारण न कळता बसतो. वर तो 'थोडा गॅस' वातावरणात जातो तो वेगळाच. आमच्या नव्या एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस आहे. त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट. आधी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए चा तर दोन हजार पटींच्या वर. आणि आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तो घरात मोकळा सोडायची वस्तू नव्हे.

व्हॅक्यूमच्या आधी त्यांनी नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. हॉलच्या युनिटच्या एका नटावर बुडबुडा आला. अगदी लहान, मोहरीएवढा. नट उघडला, नळीचं फुलवलेलं तोंड किंचित वाकडं कापलेलं निघालं. कापून, पुन्हा फुलवून जोडलं. मघाशी कपाळाला आठ्या घालणारा कारागीर आता स्वतःच प्रत्येक नटावर दोनदा साबण लावत होता. मग पंप लावला. गेजवर आकडा ५०० मायक्रॉनच्या (नळीत उरलेल्या हवेचा दाब मोजायचं एकक) खाली गेला, पंप बंद केला, आणि आम्ही सगळे तो आकडा परत चढतोय का ते बघत उभे राहिलो. घरात एवढी शांतता बऱ्याच दिवसांत नव्हती.

जुन्या यंत्रात आर-२२ हा गॅस होता, ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बंद होत गेलेला. तो हवेत न सोडता काकांनी सिलिंडरमध्ये ओढून नेला.

पहिल्या रात्री मला जाग आली ती आवाज नसल्यामुळे. जुना एसी चालू होताना डक्टचा पत्रा 'ठण्' करायचा, मग घोंघावत हवा यायची, मग अचानक सगळं बंद. आता पंख्याची बारीक सरसर आणि तीही लक्ष दिलं तरच. इन्व्हर्टर सहसा थांबत नाही. हवं तेवढं तापमान आलं की मंद होतो आणि तसाच चालत राहतो. सकाळी सगळ्यांनी आपापले रिमोट दाखवले. आईचा २५ वर. माझा २६ वर. बाबांचा, म्हणजे हॉलमधला, बंदच. ते तिथेच खिडकी उघडून झोपले होते. इतकी वर्षं आम्ही त्यांना बळंच गार करत आलो होतो, हे त्या सकाळी कळलं.

मी ड्रेन पाइपखाली बादली ठेवली होती; ती अर्ध्याच्या वर भरलेली होती. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी करायला जवळपास पाऊण युनिट (किलोवॉट-तास) उष्णता काढावी लागते, म्हणजे एसीच्या कामाचा मोठा वाटा थर्मामीटरवर दिसतच नाही. आई २५ वरही खूश होती ती यामुळेच. तिला उकाड्याइतकाच दमटपणा छळत होता. तसा एसीचा जन्मही दमटपणावरच झालेला. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्राचा आराखडा केला तो कागद ओल धरून फुगू नये म्हणून. माणसांना गार वाटणं हा त्यातला फुकटचा लाभ.

तिसऱ्या आठवड्यात आईच्या खोलीतल्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ आला. मी लगेच भोकाच्या उताराकडे बोट दाखवलं, पण उतार ठीक होता. बाहेरच्या बाजूला ड्रेन पाइप एका ठिकाणी झोळीसारखा लोंबला होता, त्यात पाणी साठून मागे फिरत होतं. दोन क्लिपा ठोकल्या, प्रश्न संपला. भोकाचा उतार तपासणाऱ्या मला पुढचा पाइप बघायचं सुचलं नव्हतं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पॅसेज आणि जिना आता गार नसतो. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की तोंडावर वाफ येते. एका फिल्टरच्या जागी तीन झाले, दर दोन आठवड्यांनी धुवावे लागतात, आणि आतला गोल ब्लोअर काळा पडतो तो आपल्याच्याने साफ होत नाही. हॉलच्या भिंतीवरचा पांढरा ठोकळा मला अजून आवडलेला नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हा एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, तीच तीच फिरवतो. दार-खिडकी लावून रात्र काढली की सकाळी डोकं जड होतं. आता झोपण्याआधी आणि उठल्यावर खिडक्या उघडायच्या हा घरातला नियम आहे.

बिलाचं विचाराल, तर घटलं. किती टक्के सगळे विचारतात, पण तो आकडा सांगण्यात अर्थ नाही. पूर्वी सबंध घर (अधिक पोटमाळा) गार व्हायचं, आता दुपारी एक खोली आणि रात्री दोन. यातलं यंत्राचं श्रेय किती आणि बाबांच्या उघड्या खिडकीचं किती, हे कसं वेगळं काढणार?

हिवाळ्यात हेच एसी उलटे चालवले. एक झडप गॅसची दिशा फिरवते आणि बाहेरचं युनिट बाहेरच्या गार हवेतूनही उष्णता ओढून आत आणतं. वीज उष्णता 'वाहायला' लागते, निर्माण करायला नाही, म्हणून हीटरच्या मानाने निम्म्याहूनही कमी विजेत भागतं. पण बाबांची तक्रार, पायाशी गार वारा लागतो. त्यांच्या तक्रारीकडे या खेपेला मी दुर्लक्ष केलं नाही. जुन्या डक्टच्या जाळ्या आम्ही फोमचे तुकडे कापून बुजवल्या होत्या, कारण उघड्या ठेवल्या तर पोटमाळ्याची हवा त्यांतून खाली उतरते. सात जाळ्या मोजून बुजवल्या होत्या. आठवी सापडली पुस्तकांच्या कपाटामागे, जमिनीलगत. परत जाणाऱ्या हवेची. कपाट हलवायला दादाला बोलवावं लागलं. फोम संपला होता, म्हणून एसीच्या खोक्याचाच थर्मोकोल कापून बसवला आणि कडेने टेप मारला.